चार बोटांची फट

मी निवृत्त होऊन गावी परतलो, त्या पहिल्याच आठवड्यात पारावर मला प्रश्न आला, "वस्ताद, तुमी शहरात नक्की करत काय हुता?" चालकांना बस शिकवत होतो, असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी क्लच आणि गिअर शिकवत होतो. तसं नव्हतं. ज्यांना बस उत्तम चालवता येते, अशांनाच मी बस शिकवायचो. एवढं म्हटलं की मंडळी एकमेकांकडे बघतात, कुणीतरी तंबाखू मळायला घेतो आणि गप्पा पावसावर जातात. या अंकाच्या संपादकांनी फारच लकडा लावला, तेव्हा ठरवलं की एकदाचं नीट सांगून टाकावं, म्हणजे निदान पारावरची कटकट तरी मिटेल.

शहरातल्या वर्दळीच्या रस्त्यांवर बससाठी वेगळी वाट काढायची, अशी ती योजना होती. रस्त्याच्या मधोमध दोन्ही बाजूंनी कठडे घालायचे आणि आतून फक्त बस जाणार. रिक्षा नाही, मोटारसायकल नाही, मंत्र्याची गाडी असली तरी बाहेरून. थांबेही फूटपाथवर नाहीत, त्या मधल्या वाटेलाच लागून, म्हणून बसचे दरवाजे उजव्या हाताला. थांब्याचा फलाट कमरेइतका उंच आणि बसची आतली जमीनही त्याच उंचीची. घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तसं फलाटावरून बसमध्ये जायचं. पायरी नाही, लोंबकळणं नाही, मागून ढकलणं नाही. याचं मोल गुडघे धरलेल्या माणसाला विचारा.

हे सगळं एकाच गोष्टीवर अवलंबून असतं, ती म्हणजे बस फलाटाला किती जवळ टेकते. मधे चार बोटांची फट राहिली पाहिजे. जास्त राहिली तर लहान मुलाचा पाय त्यात जातो. कमी राहिली तर बसचं अंग फलाटाला घासतं आणि वर्कशॉपवाले माझ्या नावानं शिमगा करतात. भरलेली बस धावत्या रस्त्यावरून आणून दर थांब्याला त्या चार बोटांत बसवायची. मी आयुष्यभर शिकवलं ते एवढंच.

योजना सुरू झाली तेव्हा शहरानं आम्हाला पोटभर शिव्या घातल्या आणि त्यातल्या काही रास्त होत्या. मोकळी वाट दिसली की माणसाला राहवत नाही. सकाळी लोक तिच्यात फिरायला यायचे, संध्याकाळी मुलं क्रिकेट मांडायची. एकदा लग्नाची वरात आत शिरली. दोन्ही बाजूंना कठडे, नवरदेवाचा घोडा काही केल्या मागे वळेना, आणि आमची बस पुढच्या चौकापर्यंत बँडच्या मागून चालत गेली. प्रवासी वैतागले होते. चालक मात्र स्टिअरिंगवर ठेका धरून बसला होता, त्याला मी नंतर बोललो.

एक आजोबा होते. फूटपाथवरचा जुना थांबा आम्ही काढला, तरी ते उपटलेल्या खांबाच्या खड्ड्यापाशी रोज येऊन उभे राहायचे. मी त्यांना हात धरून मधल्या फलाटावर नेलं तर म्हणाले, "आजवर बस माझ्याकडे यायची. आता मी बसकडे जायचं होय?" त्यांच्या समोरच्या अंगाला शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. कठडा झाल्यावर पलीकडचं गिऱ्हाईक वळसा घालून येईना आणि त्यांनी शेवटी दुकान बंद केलं. बसमधली माणसं लवकर घरी पोचायला लागली हे खरं, आणि त्यांचं दुकान गेलं हेही खरं. मी दोन्ही पाहिलं, म्हणून कुणी योजनेची नुसती स्तुती करायला लागलं की मी गप्प बसतो आणि कुणी नुसती निंदा करायला लागलं की भांडतो.

लोकांचा राग निघायचा तो चालकावर, कारण हाताशी तोच असायचा. जुने चालक कंटाळून दुसऱ्या मार्गांवर बदली मागायला लागले. नवे शिकवायला हवेत, तर शहरात तेवढी मोकळी जागा नाही, आणि गर्दीत शिकाऊ माणसाला फलाटाला बस टेकवायला लावणं म्हणजे लोकांच्या पायांशी खेळ. बैठकीत मी सहज बोलून गेलो, की आमच्या बीड जिल्ह्यात आष्टीकडे एका साखर कारखान्याचं आवार आहे. गाळप नसतं तेव्हा पावसाळाभर तिथं कावळ्यांशिवाय कुणी नसतं, आणि उसाच्या गाड्या हाकणारे चालक त्या भागात गल्लोगल्ली सापडतील. साहेबांना ते पटलं. भादव्यात उजव्या दरवाजाची एक बस घेऊन मी आपल्याच मातीत हजर झालो.

बस बघायला कारखान्याशेजारची अख्खी वाडी लोटली. एकानं गाडीला प्रदक्षिणा घातली आणि जाहीर केलं, "कंपनीनं दारं उलट्या अंगाला लावली बे. म्हनूनच हिकडं पाठवली." साखरेच्या जुन्या पोत्यांत मुरूम भरून, वर फळ्या ठोकून आम्ही फलाट उभा केला. जमिनीवर चुन्याची रेघ मारली. चालकानं पुढचं चाक त्या रेघेवर ठेवलं की बस बरोबर चार बोटांत येते, एवढं साधं गणित. आता फलाटावर माणसं हवीत, नाहीतर सराव कसला? चहा आणि भज्यांवर वाडीतल्या बायका प्रवासी व्हायला तयार झाल्या. पहिल्याच दिवशी बस थांबायच्या आत त्यांनी खिडक्यांतून पिशव्या आणि टॉवेल आत फेकले. अख्खी बस रिकामी आहे, जागा धरायची गरज नाही, असं मी परोपरीनं सांगितलं. त्यावर एक म्हातारी म्हणाली, "रिकामी हाय म्हनूनच टाकला. भरल्यावर टाकून काय उपेग?"

शिकायला आलेल्यांत तेलगावचा विष्णू होता. धाडसी गडी. दुसऱ्याच दिवशी त्यानं बस फलाटाला अशी आणली की बायका किंचाळून मागे पळाल्या, पण फट बरोबर चार बोटं. आणि कारखान्याशेजारच्या वाडीतलाच अंगद होता. मी आयुष्यात जे चालक पाहिले त्यांत ह्याच्यासारखा हलका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. ह्याच्या गाडीत भरलेला चहाचा कप हिंदकळायचा नाही. वर्षानुवर्षं उसाचा ट्रक चालवलेला माणूस, पण मालकानं ट्रक विकला आणि तेव्हापासून तो बायकोसह ऊस तोडायला जात होता.

आमच्याकडे उसाच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघांनी मिळून तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. जोडी मोडली आणि एकटंच कुणी गेलं तर तो अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याचे हाल असतात, त्यातून बाईमाणूस असेल तर विचारू नका. अंगदला चालकाची नोकरी लागली तर त्याची बायको उषा आणि तीन वर्षांची पोरगी यंदा ऊसतोडीच्या फडावर जाणार नव्हत्या, त्याच्याबरोबर शहरात राहणार होत्या. नाही लागली तर तिघंही दसऱ्यानंतर पाचटाच्या झोपडीत. त्याच्यासाठी ही परीक्षा म्हणजे हे होतं, आणि मला ते माहीत होतं.

तर असा हा अंगद रोज नापास होत होता. रेघेवर सरळ यायचा, अगदी शेवटी फलाट जवळ आला की स्टिअरिंग केसभर डावीकडे जायचं आणि हातभर फट पडायची. मी समजावून बघितलं, ओरडून बघितलं. एकदा फलाटावरून सगळ्या बायका उतरवल्या, तर पठ्ठ्यानं डोळे मिटून आणावी तशी बस चार बोटांत आणली. बायका परत चढवल्या की पुन्हा हातभर.

"अंगद, होतंय काय तुला?" मी विचारलं.

"वस्ताद, मानसं कडंला हुबी असत्यात. त्येंच्या अंगावर गाडी कशी घालू?"

"अंगावर नाही घालायची. त्यांच्या शेजारून न्यायची."

"माझ्या बापानं मला एकच शिकवलं. मानूस दिसला की गाडी पल्याड घ्यायची. आन तुमी म्हंताव मानूस दिसला की जवळ आना."

त्याचं बरोबर होतं. चांगला चालक माणसापासून लांब जातो, आणि आमची योजना मागत होती की त्यानं माणसाला जवळजवळ शिवून जावं. विष्णूला ते जमत होतं कारण त्याला फिकीर नव्हती. ज्याला माणसांची काळजी आहे तोच नापास होतो, या विचारानं माझं जेवण गोड लागेनासं झालं. अशा माणसाला मी नापास करून घरी पाठवणार आणि विष्णूच्या हाती भरलेली बस देणार, तर माझ्या शिकवण्याला अर्थ काय?

सुटका केली ती उषानं, आणि तीही चिडून. ती रोज पोरीला काखेत घेऊन फलाटावर उभी असायची. बस जवळ आली की बाकीच्या बायका "अगं बाई" करत मागे सरकायच्या, एकमेकींना धरायच्या. एक दिवस ती त्यांच्यावर उखडली. "तुमीच लई करताव. तुमी दचकलाव की त्ये दचकत्यात. कावून बघताव गाडीकडं? गाडी काय पहिल्यांदा बघताव का? फिरा समद्या तिकडं." आणि तिनं सगळ्यांची तोंडं फिरवली. बायका बसकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलायला लागल्या. उषाही पाठमोरी, पोरगी तिच्या खांद्यावर झोपलेली.

अंगद आला. फलाटावर कुणी हललं नाही, कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही. बस रेघेवरून सरळ आली आणि अलगद उभी राहिली. मी वाकून बोटं घातली, बरोबर चार. अंगद केबिनमधून उतरला आणि बसच्या मागे जाऊन तोंड पुसत राहिला. उषानं वळूनही बघितलं नाही, ती म्हणाली, "झालं का? मग भजी आना." मी त्या दिवशी भज्यांची दुसरी पुडी मागवली, ती स्वतःच्या खिशातून.

पुढे रोज थोड्या थोड्या बायकांना पुन्हा बसकडे तोंड करून उभं करत गेलो. कधी दोघी त्याच्याकडे बघत, कधी पाचजणी. मधेच हातभर फट पडायची, मधेच जमायचं. परीक्षेला शहरातून एक मॅडम येणार होत्या. दसरा झाला की त्या येणार असं ठरलं, मग त्यांचा दौरा पुढे गेला, आणि नेमका टोळी निघायचा दिवस तोच परीक्षेचा दिवस झाला.

टोळीचा मुकादम लिंबाजी हा अंगदचाच चुलत भाऊ. वाईट माणूस नव्हता, पण त्यानंही दूरच्या एका कारखान्याला शब्द दिलेला. कोयते मोजून नेले नाहीत तर त्याची पत जाते. सकाळी ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून आवाराच्या फाटकाशी उभा राहिला, तेव्हा अंगद बसच्या काचा पुसत होता. तिथंच दोघांचं बोलणं झालं, मी आणि उषा शेजारीच होतो.

"पास झालास तर तिला नेनार न्हाई मी, नारायणगडाची आन," लिंबाजी म्हणाला. "पन नापास झालास तर? तुझी वाट बघत मी टोळी थांबवू काय? ती आज बसून येऊ दे. तू पास झालास तर फोन कर, आमी वाटंत जिथं आसू तिथून घेऊन जा. एकदा फडावर पोचलो, कारखान्याच्या मान्सानं कोयते मोजले, की मंग मला तिला सोडता यायचं न्हाई. तिची ती अर्धा कोयता म्हनून राहील."

अंगदनं उषाकडे बघितलं. ती पोरीला घेऊन ट्रॉलीत चढली, पेटीवर बसली आणि म्हणाली, "जावा तुमी. नीट करा." ट्रॅक्टर गेला. त्या ट्रॉल्यांत माझे जवळजवळ सगळे प्रवासीही गेले, कारण फलाटावर उभ्या राहणाऱ्या बायका त्याच तर होत्या. मागे उरल्या चार म्हाताऱ्या आणि एक बाळंतीण.

मॅडम दुपारी आल्या. काटेकोर बाई, पण चहाला नाही न म्हणणाऱ्या, म्हणजे मनानं चांगल्या. त्यांनी म्हाताऱ्यांना अगदी कडेला, बसकडे तोंड करून उभं केलं. शहरात सगळे लोक बसकडेच बघतात, हे त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. विष्णू आधी गेला आणि पास झाला. दोन म्हाताऱ्या घाबरून खाली बसल्या, तेवढं सोडता सगळं बरोबर.

मग अंगद निघाला. मी फलाटाच्या टोकाला उभा होतो. म्हाताऱ्या सवयीनं अंग मागे घेऊ लागल्या, एकीनं दुसरीचा दंड धरला. मी कधी कुणासाठी नवस बोलत नाही, पण त्या दिवशी मनात काहीतरी पुटपुटलो. बस जवळ आली, अजून जवळ आली, स्टिअरिंग हललं नाही. ती येऊन उभी राहिली आणि एक म्हातारी खाली न बघता सरळ आत गेली. मॅडमनी फट बघितली, मान हलवली, पुढच्या फेरीला पाठवलं, तिथंही तेच. खाली उतरल्यावर मी त्याला विचारलं, कसं जमवलंस? तो म्हणाला, "समद्या पाठमोऱ्याच हायत आसं धरून चाललो."

मॅडमनी पास म्हटल्याबरोबर त्यानं लिंबाजीला फोन लावला. टोळी वाटेतल्या वाड्यांवरून माणसं भरत भरत कडा गावाच्या पुढे पोचली होती आणि एका पेट्रोल पंपाच्या मोकळ्या जागेत चहाला थांबली होती. "चहा हुईस्तोवर हाय मी," लिंबाजी म्हणाला. बस तशीही शहराला परत न्यायची होती आणि वाट तीच होती. मॅडम बसल्या, मी बसलो. अंगद चालवायला बसला तेव्हा मी त्याला फक्त एवढंच म्हटलं, "घाई नको." त्यानं केली नाही. त्याचा हात नेहमीसारखाच हलका होता.

पंपावर पोचलो तर लोक ट्रॉलीत चढून बसलेले, ट्रॅक्टर सुरू, लिंबाजी रस्त्याकडे तोंड करून उभा. अंगदनं बस वळवली आणि मागच्या ट्रॉलीच्या बाजूनं घेतली, ट्रॉली आपल्या उजव्या अंगाला ठेवून. तो काय करतोय हे मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, की ट्रॉलीची फाळकी, म्हणजे कडेची फळी, खाली सोडलेली आहे आणि ट्रॉलीची जमीन कमरेइतकी उंच आहे. बायका कडेला पाय सोडून बसल्या होत्या, त्यांनी पाय वर घेतले. कुणी किंचाळलं नाही. बस त्यांच्या अंगाला लागून आली आणि थांबली, आणि अंगदनं उजवा दरवाजा उघडला.

उषा उठली. तिनं आधी पेटी सरकवली, मी ती आत ओढली. मग पोरगी स्वतःच्या पायानं चालत ट्रॉलीतून बसमध्ये आली. मग उषा आली. मॅडम त्यांच्या जागेवरून उठल्या आणि त्यांनी पोरीला खिडकीची जागा दिली. उषा केबिनपाशी जाऊन अंगदच्या मागे उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. त्यानं मागे न बघता एक हात मागे केला, तिनं तो धरला. खालून लिंबाजी म्हणाला, "माझा एक कोयता मोडलास बे," पण तो हसत होता, आणि हसताना त्याचेही डोळे भरले होते.

दरवाजा उघडाच होता. समोर ट्रॉलीत माझे सगळे प्रवासी बसले होते. त्याच बायका, ज्यांनी दीड महिना फलाटावर, कधी तोंड करून कधी पाठ करून, उभं राहून अंगदला शिकवलं होतं. भांडी, गाठोडी, कोंबड्या, मांडीवर पोरं. आत बसची रिकामी बाकडी त्यांना सरळ दिसत होती, मधे एक पाऊल टाकायचं अंतर. एकीच्या पोरीनं उठून एक पाय बसमध्ये ठेवला. आईनं तिला फ्रॉकला धरून मागे घेतलं, ओरडली नाही, नुसतं मांडीवर बसवलं.

"दार लाव, अंगद," मी म्हणालो.

त्यानं दाराच्या बटणाकडे हात नेला आणि तिथंच थांबला. समोरच्या बायका त्याच्याकडे बघत होत्या, कुणीही तोंड फिरवलं नव्हतं. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. अंगदनं हात परत मांडीवर घेतला, आणि बटण मला दाबावं लागलं.